फाटक्या मोज्यातली बरकत

थंडी सरते, परीक्षा आटोपतात आणि घरोघरी कपाटे आवरायला निघतात. तेव्हा अगदी तळाशी एक गठ्ठा हमखास सापडतो. कुणाची टाच गेलेली, कुणाचा अंगठा बाहेर आलेला, कुणाचे इलॅस्टिक सैल पडलेले आणि दोन-चार असे की ज्यांचा जोडीदार कुठे गेला ते घरात कुणालाच सांगता येत नाही. हे आपले जुने मोजे.

जुन्या साडीची गोधडी होते, लुंगीचे पोतेरे होते, पॅन्टच्या पायाची पिशवी होते. मोज्याला मात्र असे दुसरे काम सहसा मिळत नाही. तो घंटागाडीत जातो, नाहीतर चूल पेटवायला. बहिणींनो, या दोन्ही वाटा बऱ्या नाहीत. आजकालच्या बहुतेक मोज्यांत नायलॉन किंवा पॉलिएस्टर असते. ते मातीत लवकर कुजत नाही आणि चुलीत घातले तर जळण्याऐवजी वितळून घरभर घाणेरडा धूर करते. तो धूर जातो कुठे? चुलीपाशी बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत.

म्हणून या लेखात आम्ही मोज्याचा विचार तीन पायऱ्यांनी करणार आहोत. आधी तो दुरुस्त होतो का ते पाहायचे. होत नसेल तर त्याच्या सुताप्रमाणे त्याला घरातले दुसरे काम द्यायचे. आणि तिसरी गोष्ट, जी आमच्या मते सर्वांत मोलाची: कोणता मोजा दुसऱ्याला द्यावा आणि कोणता मुळीच देऊ नये, हे ठरवायचे.

मोजा आपल्याकडे आला कुठून?

‘मोजा’ हा शब्द फारसीतल्या ‘मोजह’वरून मराठीत आला. फारसीत त्याचा अर्थ पायात घालायचा बूट. आपल्या फिक्‌हच्या पुस्तकांत वुजूच्या प्रकरणात ज्यांच्यावर मसह करण्याची सवलत सांगितली आहे ते ‘खुफ्फैन’ म्हणजेही चामड्याचे मोजे. मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र, ही मुदत मदरशात शिकलेल्या मुलामुलींना पाठ असते. आपल्या शाळकरी मुलांच्या पातळ मोज्यांना हनफी मसलकात ही सवलत लागू होत नाही, एवढे जाता जाता सांगून ठेवतो. अधिक माहिती आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावी.

विणलेल्या सुती मोज्याची गोष्ट आणखी रंजक आहे. इजिप्तमध्ये इस्लामी काळातले, साधारण ११ ते १४व्या शतकातले, निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे सापडले आहेत. त्यांतल्या काहींच्या नक्षीत कूफी लिपीच्या वळणाची अक्षरे आहेत. सुयांवर विणलेल्या कापडाचे जे सर्वांत जुने नमुने जगात उरले आहेत, त्यांत या मोज्यांची गणना होते. पुढे १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र केले आणि हाताने होणारे हे काम हळूहळू यंत्राकडे गेले. आज आठवडी बाजारात मोज्यांच्या जोड्या ढिगाने मिळतात, म्हणून आपल्याला त्यांची किंमत वाटत नाही. ज्या काळात एक जोडी विणायला कित्येक संध्याकाळी जात, त्या काळी टाच फाटली म्हणून मोजा फेकण्याची कल्पना कुणाच्या मनाला शिवली नसती.

आपल्या सावलीला तर सुताची किंमत वेगळी सांगायला नको. नाग-विदर्भ चरखा संघामुळे हे गाव खादीचे गाव म्हणून ओळखले गेले. १९३६ साली गांधी सेवा संघाचे संमेलन इथे भरले, तेव्हा गांधीजी सावलीला येऊन राहिले होते. कापसाच्या पेळूतून हाताने धागा काढणे किती वेळाचे आणि किती धीराचे काम आहे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना कापडाची चिंधीही टाकवत नाही.

उधळपट्टी नको, कंजूषीही नको

काही बहिणी म्हणतील, दहा-वीस रुपयांच्या मोज्यासाठी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न दहा-वीस रुपयांचा नाही, सवयीचा आहे. पवित्र कुरआनात सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांचे नाते शैतानाशी जोडले आहे. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या खऱ्या बंद्यांची ओळख सांगताना, ते खर्चात वाहवत जात नाहीत आणि हातही आखडत नाहीत, दोहोंच्या मधला मार्ग धरतात, असा आशय आला आहे. इसराफ आणि बुख्ल या दोन टोकांच्या मध्ये घर चालवणे हेच गृहिणीचे कसब.

प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी जी कामे सांगितली त्यांत आपले कपडे स्वतः शिवणे आणि आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करणे होते. हजरत उमर (रजि.) खलीफा असताना त्यांच्या अंगातल्या वस्त्रावर दोन्ही खांद्यांच्या मधोमध एकावर एक तीन ठिगळे होती, असे हजरत अनस (रजि.) यांनी पाहिल्याची नोंद इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आहे. ज्यांच्या हाती एवढे मोठे राज्य होते त्यांना ठिगळाची लाज वाटली नाही. मग सुई-दोरा हातात घ्यायला आपण का लाजावे? आणि सुई-दोरा फक्त बाईच्याच हातात असावा, असेही या उदाहरणांतून निघत नाही. घरातल्या मुलांनाही रफू शिकवा. ती सुन्नतच आहे.

श्रीमंत देशांवरही अशी वेळ आली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ पर्यंत कपड्यांचे रेशनिंग होते. १९४३ साली तिथल्या सरकारने आहे तेच दुरुस्त करून वापरा असे सांगणारी पुस्तिका काढली आणि तीत रफू कसे करावे, ठिगळ कसे लावावे हे बायकांना शिकवले. अमेरिकेत तर बायकांनी वापरलेले रेशमी आणि नायलॉनचे लांब मोजे युद्धासाठी गोळा केले गेले आणि रेशमापासून तोफांच्या दारूच्या पिशव्या झाल्या. टंचाईत जे शहाणपण सुचते ते सुबत्तेतही टिकावे, एवढेच आमचे म्हणणे.

आधी रफू

२०२३ साली राज्य शासनाने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे देण्याचे ठरवले. निर्णय चांगला आहे. पण आठवड्याचे सहा दिवस शाळा आणि मोज्याच्या दोन जोड्या, असा हिशेब धरला तर दिवाळीपर्यंत टाच जाणारच. टाच गेलेला मोजा घालून आलेले मूल वर्गात बूट काढायला कचरते, हे आम्ही शिक्षक नेहमी पाहतो. मुले एकमेकांच्या पायांकडे पाहतात आणि हसतातही. तिथे सुईचे चार टाके मुलाची मान ताठ ठेवतात.

रफू करायला मोज्याच्या आत एखादी गोल, गुळगुळीत वस्तू घाला. पूर्वी बायका गेलेला विजेचा बल्ब घालत. आता काचेचे गोल बल्ब राहिले नाहीत, तर छोटी वाटी किंवा घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी चालते. भोक त्यावर ताणून धरा. मोज्याच्याच रंगाचा जाडसर सुती दोरा घ्या आणि शेवटाला गाठ मारू नका, कारण ती गाठ बुटात टोचते. भोकाच्या कडेपासून अर्धा बोट अलीकडे, जिथे कापड मजबूत आहे तिथून, सरळ उभे टाके घालत भोकाच्या पलीकडे जा. उभे धागे पूर्ण झाले की आडवा दोरा एका धाग्याच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून असा विणत न्या. बाजेची नवार विणतात तसेच हे काम आहे. दोरा ओढून घट्ट करू नका, नाहीतर सुरकुती पडते. सहावी-सातवीतली मुले हे एका दुपारी शिकतात.

भोक तीन बोटांपेक्षा मोठे असेल किंवा तळवा पारदर्शक दिसायला लागला असेल, तर मात्र रफूचा उपयोग नाही. आता त्याला दुसरे काम द्यायचे.

सूत ओळखा

कोणता मोजा कोणत्या कामाला लावायचा हे त्याच्या सुतावर अवलंबून असते. सुती मोजा पाणी शोषतो आणि उष्णता सहन करतो. नायलॉन-पॉलिएस्टरचा मोजा पाणी शोषत नाही, लवकर वाळतो, पण गरम भांड्याला लागला की वितळून हाताला चिकटतो. म्हणून ही ओळख आधी करून घ्यावी.

मोज्याच्या कडेचे दोन-तीन धागे ओढून काढा. ते चिमट्यात धरून स्टीलच्या थाळीवर, मुलांना दूर ठेवून, काडीने पेटवा. सूत असेल तर कागदासारखे भुरभुर जळते, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ करडी राख उरते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर असेल तर धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याची कडक गोळी होते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. शाळेचे पांढरे मोजे बहुधा मिश्र असतात. त्यांची राखही होते आणि गोळीही. अशा मिश्र मोज्यांना नायलॉनच्याच रांगेत धरा. गरम भांडी उचलायला, दिव्याच्या वातीला किंवा चुलीजवळच्या कोणत्याही कामाला फक्त पूर्ण सुती मोजा घ्यावा. शंका असेल तर तोही नको.

स्वच्छता आणि अदब

दुसऱ्या कामाला लावण्याआधी मोजे गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, चोळून धुवा आणि कडक उन्हात उलटे करून वाळवा. घरात कुणाला नायटा झाला असेल किंवा पावसाळ्यात पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या असतील, तर त्याचे मोजे उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय इतर कपड्यांत मिसळू नका.

आता आमच्या घरचा एक नियम सांगतो. मोजा कितीही धुतला तरी तो पायातला. म्हणून दस्तरख्वान, ताटे किंवा पिण्याच्या पाण्याचे भांडे पुसायला तो वापरत नाही, आणि कुरआन शरीफच्या रेहलवरची धूळ तर त्याने कधीच पुसत नाही. त्यासाठी वेगळे स्वच्छ कापड असावे. संडास-न्हाणीघराचा मोजा, फरशीचा मोजा आणि खिडक्यांचा मोजा यांना वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे टाके घालून ठेवले की तहारतीची काळजी राहत नाही. लहान मूल घरात असेल आणि नजासत पुसावी लागली असेल, तर तो मोजा तीनदा धुऊन, दर वेळी पिळून मगच परत ठेवावा.

रोजची कामे

जाड नायलॉनचा मोजा हातमोज्यासारखा हातात घाला आणि खिडकीच्या ग्रीलचे गज मुठीत धरून पुसा. कोरड्या नायलॉनच्या घर्षणाने थोडी वीज तयार होते आणि धूळ त्याला ओढली जाते. म्हणून कोरडी धूळ पुसायला तो सुती फडक्यापेक्षा सरस ठरतो. पंख्याचे पाते मोज्याच्या आत सरकवून ओढून घेतले तर धूळ खाली पलंगावर पडत नाही, मोज्यातच राहते. बटण आधी बंद करा, हे सांगायला नको. लांब बांबूच्या टोकाला दोन-तीन मोजे बांधले की छताची कोळिष्टके काढायचा झाडू तयार.

साबणाच्या उरलेल्या चिपट्या नायलॉनच्या मोज्यात भरून गाठ मारा. त्याने घासता येते, फेस भरपूर येतो आणि साबणाचा तुकडाही वाया जात नाही.

कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून सुती मोज्यात भरा आणि स्वेटर, रजया ठेवतो त्या पेटीत टाका. लाकडी कोळशाचे तुकडे भरलेला मोजा पावसाळ्यात कपाटात किंवा ओल्या बुटांत ठेवला की ओल आणि कुबट वास शोषला जातो. पंधरा दिवसांनी कोळसा उन्हात तापवला की तोच पुन्हा चालतो.

परसात टोमॅटो किंवा कारल्याचा वेल काठीला बांधायला मोज्याच्या पट्ट्या फार चांगल्या. सुतळी खोडाला कापते. मोज्याची पट्टी खोड वाढेल तशी ताणली जाते. लोखंडी खुर्च्या-टेबलांच्या पायांना मोज्याचे पंजे घालून दोऱ्याने बांधले की फरशीवर ओरखडे पडत नाहीत आणि खुर्ची सरकवताना कर्कश आवाजही होत नाही. नमाज चालू असलेल्या खोलीच्या शेजारी मुले खेळत असतील, तर याचे महत्त्व लगेच कळते.

वैशाखातले थंड पाणी

चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल आपल्याला काय सांगावे! पारा ४५ अंशांच्या वर गेला की बाटलीतले पाणी तासाभरात तापते. यासाठी जुन्या लोकांची छागल आठवा. जाड कापडातून पाणी झिरपे, वाऱ्याने उडे आणि उडता-उडता आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाई. माठही असाच थंड होतो. तीच युक्ती सुती मोज्याने करता येते. स्वच्छ, जाड सुती मोजा बाटलीला बाहेरून चढवा, तोंडाच्या खाली बांधा, पूर्ण भिजवा आणि बाटली सावलीत, वाऱ्यावर टांगा. मोजा वाळत आला की पुन्हा भिजवा. फ्रिजसारखे गार नाही, पण घशाला बरे वाटेल एवढे पाणी निवते. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात जाणाऱ्यांना हे उपयोगी आहे. हवा कोरडी असते तोवरच ही युक्ती चालते. पावसाळ्यात हवेत आधीच ओल असते, पाणी उडत नाही आणि बाटली गार होत नाही.

त्याच तेंदूपत्त्याच्या आणि पुढे धान कापणीच्या दिवसांत लांब मोज्याचा पंजा कापून टाका आणि उरलेली नळी मनगटापासून कोपरापर्यंत चढवा. बांधीत धानाचे पाते हाताला बारीक चिरे पाडते आणि घाम लागला की ते झोंबतात. या नळीने ते टळते, ऊनही लागत नाही. पडद्याचा प्रश्नही आपोआप सुटतो, असे शेतात जाणाऱ्या बायका सांगतात.

दाराखालची फट

हे काम आम्ही सर्वांत महत्त्वाचे समजतो. जंगलालगतच्या आपल्या गावांत दाराखालून विंचू, इंगळी आणि कधी सापही घरात येतात. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. त्याच्या चाव्याची खूण आणि वेदना इतकी कमी असते की पुष्कळदा वेळेवर कळतच नाही.

तीन-चार लांब मोजे घ्या. शेवटचा मोजा सोडून बाकीच्यांचे पंजे कापा आणि एकाला एक शिवून दाराच्या रुंदीएवढी लांब नळी करा. तिच्यात धुऊन वाळवलेली बारीक रेती आणि आरा मशीनवरचा भुसा अर्धा-अर्धा भरा. नुसत्या रेतीने ती फार जड होते आणि नुसत्या भुशाने हलकी राहून सरकते. विणीतून रेती गळू नये म्हणून मोजे दुहेरी घ्या. तोंड शिवा आणि रात्री दार लावल्यावर आतून फटीला घट्ट सारून ठेवा. धूळ, डास आणि थंड वाराही अडतो.

हा शंभर टक्के बंदोबस्त नाही. भिंतीची बिळे बुजवणे, खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे हेही हवेच. आणि अल्लाह न करो, साप चावलाच तर झाडफूक करणाऱ्याकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरची लस तिथेच मिळते.

शेकाची पिशवी

कंबर धरली, खांदा आखडला किंवा पाळीच्या दिवसांत पोट दुखत असेल तर शेक बरा वाटतो. पुष्कळ ठिकाणी मोज्यात तांदूळ भरून शेकाची पिशवी करायला सांगतात. आम्ही त्याऐवजी रेती सुचवतो. आपला भाग धानाचा असला तरी धान्य हे खाण्यासाठी आहे, आणि वैनगंगेची बारीक रेती शेकाला तितकीच चांगली. रेती चाळा, दोन-तीनदा धुवा, वाळवा. कढईत मंद आचेवर गरम करा, थोडी निवू द्या आणि पूर्ण सुती, दुहेरी मोज्यात भरून गाठ मारा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. सहन झाली तरच दुखऱ्या जागी ठेवा, तीही मध्ये पातळ कापड घेऊन.

साखरेच्या आजाराने ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांना शेक देऊ नका. त्यांना चटका कळत नाही आणि जखम चिघळते. तान्ह्या मुलालाही नको. मुका मार नुकताच लागून सूज आली असेल तर गरम शेक सूज वाढवतो. आणि पोटात कळ कशामुळे येते हे माहीत नसेल तर शेकत बसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

मुलांच्या हातात मोजा

मोज्यात चिंध्या घट्ट भरून तोंड शिवले की घरात खेळायचा चेंडू होतो. काच फुटत नाही आणि कुणाला लागतही नाही. पंजात हात घालून, बटणाचे डोळे लावून बोलकी बाहुली होते. हजरत आयशा (रजि.) लहान वयात बाहुल्यांशी खेळत, हे सहीह बुखारीत आले आहे. घाबरट मूल जे आपल्याला सांगत नाही ते बाहुलीच्या कानात सांगते, हा आमचा वर्गातला अनुभव आहे.

अक्षरे शिकवायला एक खेळ घरीही करून पाहा. जाड पुठ्ठ्याची अक्षरे कापा: उर्दूचे अलिफ, जीम, दाल, लाम किंवा मराठीचे ग, र, ल. एक अक्षर मोज्यात टाका. मुलाने न पाहता आत हात घालून, बोटांनी चाचपून ओळखायचे. उर्दूत जीम, चे, हे, खे यांचा आकार एकच आणि फरक फक्त नुक्त्यांचा. तिथे पुठ्ठ्यावर नुक्त्याच्या जागी मसुरीचा दाणा चिकटवा. मुले खिदळत शिकतात आणि अक्षराचे वळण पक्के बसते. उरलेल्या सुती मोज्यांचे पाटी पुसायचे फडके करा. दप्तरात एक ओले आणि एक कोरडे असले की थुंकीने पाटी पुसण्याची सवय सुटते.

पायपुसणे

शेवटी जे मोजे उरतात त्यांचे पायपुसणे. मोजा नळीसारखा गोल विणलेला असतो, म्हणून आडवा कापला की आपोआप कडी मिळते. दोन बोटे रुंदीच्या कड्या कापा. मोठ्या माणसाच्या एका मोज्यातून आठ-दहा निघतात. एका कडीतून दुसरी ओवून ओढली की गाठ बसते आणि लांब दोर तयार होतो. असे तीन दोर घेऊन वेणी घाला. वेणी गोल-गोल गुंडाळत, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला जाड दोऱ्याने टाचत जा. सुती मोज्यांचे पायपुसणे न्हाणीबाहेर ठेवा, ते पाणी टिपते. नायलॉनचे दाराबाहेर ठेवा, ते चिखल खरवडते आणि लवकर वाळते. मोहल्ल्यातल्या चार घरांचे मोजे एकत्र केले तर एका सुटीत सगळ्यांची पायपुसणी होतात, आणि दादी-नानींनाही नातवंडांजवळ बसायला निमित्त मिळते.

सदका कशाचा करावा?

आता तिसरी गोष्ट. कपाटे आवरली की आपल्याकडे जुन्या कपड्यांचे गाठोडे बांधले जाते आणि कामवाल्या बाईच्या हाती दिले जाते, नाहीतर रमजानआधी ‘गरिबांना द्या’ म्हणून मशिदीत किंवा मदरशात पोहोचवले जाते. या गाठोड्यांत काय निघते हे उघडून पाहणाऱ्यांना विचारा. टाच गेलेले मोजे, चेन तुटलेल्या पॅन्टी, डाग पडलेल्या ओढण्या. देणाऱ्याचे कपाट रिकामे होते, सवाब मिळाल्याचे समाधानही वाटते. घेणाऱ्याला मात्र न बोलता सांगितले जाते, ‘तुझी लायकी एवढीच.’

सूरह बकराच्या २६७व्या आयतीत नेमकी याच सवयीची मनाई आहे. जी वस्तू कुणी आपल्याला दिली तर आपण डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती अल्लाहच्या वाटेत देण्याचा विचारही करू नये, असा तिचा आशय आहे. सूरह आले-इम्रानची ९२वी आयत त्याहून पुढे नेते. आपल्याला प्रिय असलेल्यातून दिल्याशिवाय माणूस नेकीपर्यंत पोहोचत नाही, असे ती शिकवते. फाटका मोजा आपल्या कोणाला प्रिय आहे?

म्हणून येत्या जुम्म्याला कपाट उघडाल तेव्हा मोज्यांचे तीन ढीग करा. पहिला ढीग धड जोड्यांचा. मुलांचे पाय वाढल्यामुळे लहान झालेल्या, पण भोक नसलेल्या, इलॅस्टिक शाबूत असलेल्या जोड्या धुऊन, वाळवून, घडी घालून द्यायला काढा. दुसरा ढीग रफूचा. ते पुन्हा आपल्याच घरच्या पायांत जातील. तिसरा ढीग फाटक्यांचा आणि एकट्या राहिलेल्यांचा. त्यातला एकही घराबाहेर दान म्हणून जाऊ नये. त्याला आपल्याच घरात दाराखाली, खिडकीवर, परसात काम आहे.

अशी कामे घरातल्या घरात निघाली की वर्षभरात पायपुसणे, झाडणी, फडकी यांवरचे थोडे पैसे वाचतात. त्या पैशातून एक नवी कोरी जोडी घ्या. वर्गात बूट काढायला लाजणारे एखादे मूल आपल्या गल्लीत नक्की असेल. त्याच्या आईच्या हातात ती जोडी गुपचूप ठेवा, उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये अशी. मोज्यातली बरकत तिथे आहे. अल्लाह आपल्या सर्वांना वस्तूंची कदर करण्याची आणि माणसांची इज्जत राखण्याची तौफीक देवो. आमीन.